दुधातली सोबत

“जुईची शी काळपट होते का गं?”

ताईंनी फोनवर इतक्या सहज विचारलं, की शाल्मली “छे, नाही” म्हणून मोकळी झाली. मग इकडचं तिकडचं बोलणं झालं, फोन बंद झाला, आणि ती न्हाणीघराच्या दारात तशीच उभी राहिली. तिच्या डाव्या हातात जुईचं नुकतंच सोडलेलं लंगोट होतं. त्यावर डांबरासारखा काळा, चिकट डाग होता.

जन्मल्यावर पहिले एक-दोन दिवस बाळाची शी काळी असते, हे तिला ठाऊक होतं. पण जुई आता दीड महिन्याची होती. कालपर्यंत सगळं पिवळंधमक होतं. हा डाग आज पहिल्यांदाच दिसला होता आणि तो अजून नवऱ्यालाही दाखवलेला नव्हता. मग ताईंना नेमका हाच प्रश्न कसा सुचला? ताप आहे का, झोपते का, असलं काही नाही. थेट काळी शी.

आणि आपण खोटं का बोललो? ताईंशी ती आजवर कधी खोटं बोलली नव्हती.

ताई म्हणजे डॉक्टर विभावरी नेरूरकर, शाल्मलीच्या नवऱ्याची, हेरंबची, थोरली बहीण. आई गेली तेव्हा हेरंब शाळेत होता. ताईंनीच त्याला वाढवलं, शिकवलं. त्या धबडग्यात स्वतःचं लग्न राहून गेलं. सागरी महामार्गालगतच्या ‘मातृबंध’ रुग्णालयाचा संशोधन विभाग त्यांच्याकडे होता. आज शाल्मलीच्या मांडीवर मूल होतं ते त्यांच्यामुळे, हे घरात सगळेच मानत, आणि सगळ्यांत जास्त शाल्मली मानत होती.

जुईच्या आधी तीन वेळा दिवस गेले होते आणि तीनही वेळा पोट दिसू लागायच्या सुमारास सगळं संपलं होतं. शाल्मली स्वतः गुरांची डॉक्टर. घराच्या पुढच्या पडवीतच तिचा दवाखाना होता. आसपासच्या गोठ्यांतल्या गाईंच्या कानातले बिल्ले ताप चढला की आपणहून तिला कळवत, आणि ती मध्यरात्रीसुद्धा जाऊन वासरू मोकळं करून येई. दुसऱ्यांची वेतं सुखरूप पार पाडायची आणि घरी येऊन आपलं रिकामं पोट घेऊन झोपायचं. तिसऱ्या वेळेनंतर तिने तो विषयच काढायचा नाही असं ठरवून टाकलं होतं.

तेव्हा ताईंनी दोघांना आपल्या खोलीत बसवून ‘सोबत’बद्दल सांगितलं होतं.

पोटातलं मूल अर्धं आईचं, अर्धं बापाचं. म्हणजे आईच्या शरीराच्या हिशेबाने अर्धं परकंच. अंगात काही परकं शिरलं की त्यावर तुटून पडायचं, हे आपल्या रक्तातल्या पहारेकरी पेशींचं काम. मूल राहिलं की शरीर या पहारेकऱ्यांना दमाने घ्यायला सांगतं. शाल्मलीसारख्या काही बायकांच्या शरीरात हा निरोप पोचतच नाही. पहारेकरी मुलालाच शत्रू समजतात. औषधांनी त्यांना झोपवावं, तर बाईला साध्या सर्दीनेही अंथरूण धरायची पाळी येते.

पण जगात एक जीव असा आहे, की जो लाखो वर्षं फक्त हेच शिकत आला आहे: दुसऱ्याच्या शरीरात, त्याच्या पहारेकऱ्यांच्या नाकासमोर, सुखाने कसं राहायचं. तो म्हणजे जंत. आतड्याला आकड्यासारख्या दातांनी चिकटून राहणारा अंकुशकृमी आपल्या अंगातून काही प्रथिनं सोडत राहतो आणि त्यांनी शरीराचा राग हळूहळू शांत करतो. शास्त्रज्ञांनी ही प्रथिनं सुईतून देऊन पाहिली, ती टिकेनात. मग त्यांनी जंतालाच माणसाळवलं. त्याची जनुकं बदलून रक्त पिण्याची भूक नावापुरती ठेवली. वाढवायचे ते फक्त नर, म्हणजे अंडी नाहीत आणि एकापासून दुसऱ्याला होण्याची भीती नाही. आणि शेवटचं कुलूप म्हणजे गरोदरपणात बाईच्या रक्तात भरपूर असणाऱ्या प्रोजेस्टेरॉनवर त्याचा जीव बांधला. बाळंतपण झालं, प्रोजेस्टेरॉन उतरलं, की जंत मरून आपोआप बाहेर.

“दिवस राहिले की दंडाला एक पट्टी लावायची,” ताई म्हणाल्या होत्या. “डोळ्यांना दिसणार नाहीत अशा अळ्या कातडीतून आत जातील. थोडी खाज सुटेल. बाकी नऊ महिने तुला सोबत राहील. काम झालं की निरोपसुद्धा न घेता जाईल.”

हेरंब हसला होता. शाल्मली हसली नव्हती. आयुष्यभर जनावरांचे जंत पाडणाऱ्या बाईला कुणीतरी जंत पाळायला सांगत होतं. पण पुन्हा दिवस राहिले त्याच आठवड्यात तिने दंड पुढे केला होता. आणि जुई झाली होती, गुटगुटीत, लाल, घसा फाटेस्तोवर रडणारी.

फोन आला त्याच दिवशी दुपारी ताई न सांगता घरी आल्या. हातात वरच्या दुधाचे डबे होते. त्यांनी जुईला मांडीवर घेतलं, पोट चाचपलं, टाचेतून थेंबभर रक्त घेऊन खिशातल्या यंत्रावर पाहिलं.

“रक्त थोडं कमी आहे,” त्या म्हणाल्या. “घाबरण्यासारखं नाही. पण शाल्मली, तुझंही कमीच असणार. तुझ्या अंगात काही उरलंय का बघ! असं कर, अंगावरचं बंद कर काही दिवस. हे दूध दे.”

“बंद? अगदी बंद?”

“अगदी.”

“ताई, तुम्हीच सांगायचात ना, सहा महिने पाण्याचा थेंबसुद्धा नको म्हणून?”

“प्रत्येक बाईचं वेगळं असतं गं.” ताईंनी तिच्याकडे न पाहता बाटली धुवायला घेतली.

त्या गेल्यावर शाल्मली न्हाणीत गेली. सकाळचं काळं लंगोट तिने बादलीत, इतर कपड्यांच्या खाली ठेवलं होतं. बादलीतले बाकीचे कपडे होते. ते लंगोट नव्हतं.

संध्याकाळी तिने हेरंबला सगळं सांगितलं. हेरंबचं खाडीच्या तोंडाशी होड्यांच्या विजेच्या इंजिनांचं दुरुस्तीचं काम होतं. तो हात धूत होता, तो थांबला.

“म्हणजे ताईने आपल्या पोरीचं घाणेरडं लंगोट चोरलं, असं म्हणायचंय तुला?”

“नेलं, असं म्हणतेय.”

“शाल्मली, तुझी झोप होत नाहीये.”

“माझी झोप होत नाही म्हणून लंगोट पाय फुटून गेलं का?”

“तपासायला नेलं असेल. डॉक्टर आहे ती.”

“मग सांगून का नाही नेलं? आणि मी ‘शी काळी नाही’ म्हटलं होतं, तरी शोधलं कशाला?”

हेरंबने टॉवेल खांद्यावर टाकला. त्याचा आवाज चढला नाही, पण त्यात एक गाठ आली. “ज्या बाईने आपल्याला मूल दिलं, तिच्यावर संशय घेतेयस तू. माझ्यासमोर पुन्हा नको.”

पण त्या रात्री जुई भुकेने कळवळली तेव्हा तिने तिला ना अंगावर घेतलं ना बाटली दिली. कितीतरी क्षण तशीच धरून बसली. शेवटी तिने बाटली दिली. ताईंचा हेतू कळत नव्हता, पण आता आपल्या दुधाचीही खात्री वाटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी हेरंब कामावर गेल्यावर तिने जुईला उजेडात नेलं. कुत्रीच्या पिल्लाचा ओठ वर करून हिरडी पाहावी तशी तिने जुईची खालची पापणी हलकेच ओढून पाहिली. आतला भाग गुलाबी असायला हवा होता. तो पिठासारखा पांढरट होता.

पिल्लू. तिच्या डोक्यात तो शब्द अडकला.

अशी पिल्लं तिने कितीतरी पाहिली होती. आई धडधाकट, अंगाने भरलेली, तिच्या विष्ठेत जंताचं नावही नाही. आणि पिल्लं मात्र तीन-चार आठवड्यांची होताहोता पांढरीफटक पडून एकामागून एक जात. यामागचं कारण ती शिकलेली होती आणि लोकांना समजावतही होती. कुत्रीच्या अंगात शिरलेल्या सगळ्याच अळ्या आतड्यापर्यंत पोचत नाहीत. काही वाटेतच स्नायूंमध्ये शिरून झोपी जातात, महिनोन् महिने, वर्षंसुद्धा. कुत्री व्याली, दुधाची तयारी सुरू झाली, की तो बदल त्यांना कळतो. त्या जाग्या होतात आणि दुधाकडे चालू लागतात.

पडवीतलं दार तिने आतून लावून घेतलं. आपलं दूध काचेच्या नळीत काढलं, फिरत्या यंत्रात घालून तळाशी बसलेला थेंब काचपट्टीवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला. तिचं हे यंत्र नव्या तऱ्हेचं होतं. दिसेल त्या जीवाचं नाव ते स्वतःच पडद्यावर लिहीत असे. आधी नुसतेच चरबीचे गोल गोल थेंब दिसले. तिने काचपट्टी हलवली. पुन्हा थेंब. ती सुटकेचा श्वास सोडणार, इतक्यात त्या थेंबांच्या गर्दीतून काहीतरी वळवळत गेलं. बारीक, पारदर्शक, टोकाकडे निमुळतं. ते वाकलं, सरळ झालं, पुन्हा वाकलं.

पडद्यावर अक्षरं उमटली: ‘ओळख पटत नाही. सर्वांत जवळचं साम्य: कुत्र्याचा अंकुशकृमी.’

यंत्राला ओळख कशी पटणार? हा प्राणी निसर्गात नव्हताच. शाल्मली स्टुलावर बसली. छाती दुधाने तटतटली होती, आणि आपलंच अंग आपल्या अंगापासून दूर सरकावं असं काहीतरी तिला झालं.

मग तिचं डोकं चालू लागलं. जंताचा जीव प्रोजेस्टेरॉनवर बांधलेला. बाळाच्या अंगात तो जगतो कसा? उत्तर तिच्याच धंद्यातलं होतं. गाय गाभण आहे का हे बघायला आम्ही दूध तपासतो, कारण हे द्रव्य दुधाच्या चरबीत साठून राहतं. म्हणजे आईच्या अंगातला जंत उपाशी मरतो, आणि बाळाच्या आतड्यातला आईच्याच दुधावर जगतो. जंताची भूक कमी केलेली असली तरी एवढ्याशा बाळात किती रक्त असणार! ती काळी शी म्हणजे आतड्यात सांडून पचलेलं रक्त होतं. दूध तोडलं, की तोही मरेल.

दूध तोडलं की. ‘अंगावरचं बंद कर. अगदी.’

ताईंना माहीत होतं.

त्याच दुपारी ‘मातृबंध’मधल्या ताईंच्या खोलीत त्या एकट्याच होत्या. शाल्मलीने जुईला कुशीत घट्ट धरलं होतं. तिने प्रस्तावना केली नाही.

“माझ्या दुधात अळी सापडली, ताई.”

ताईंनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला. त्यांचा चेहरा एकदम थकल्यासारखा दिसला. आश्चर्य मात्र त्यावर कुठेही नव्हतं.

“मला वाटलंच होतं, तू शोधून काढशील.”

“तुम्हाला कधीपासून माहीत आहे?”

“तुझ्या आधी एक बाई बाळंत झाली होती. तिचं बाळ असंच पांढरं पडलं. तिला दूध कमी होतं, म्हणून तिने आपणच बाटली सुरू केली, आणि बाळ सुधारलं. तेव्हा मला शंका आली. तोवर तुझा नववा सरत आला होता.”

“म्हणजे जुई जन्मायच्या आधी!”

“शंका होती. खात्री नव्हती. काल जुईचं लंगोट तपासलं तेव्हा झाली.”

“आणि दीड महिना मी तिला पाजत राहिले. तुम्ही येऊन बघत होतात. शेजारी बसून बघत होतात, ताई!”

“रोज फोन करत होते ना? पहिल्या खुणेला मी डबे घेऊन आले ना? मी तिला काही होऊ दिलं नसतं.” ताई उठल्या, खिडकीशी गेल्या. बाहेरच्या बाकांवर तपासणीला आलेल्या बायका बसल्या होत्या. “त्यांच्याकडे बघ. सगळ्या सोबतीवर आहेत. मी वर कळवलं, तर देखरेख समिती काय करेल? प्रयोग बंद, आणि सगळ्यांना जंताचं औषध. आत्ता, मधूनच. जंत मेला की त्यांचे पहारेकरी जागे होतील. मग काय होतं ते तुला मी सांगायला हवं का?”

शाल्मलीला ते कुणी सांगायची गरज नव्हती.

“म्हणून तुम्ही गप्प राहणार?”

“या सगळ्या मोकळ्या होईपर्यंत. एकेकीला मी स्वतः बाटलीवर आणीन.”

“काय सांगून?”

“सांगायला काहीतरी सापडतंच.” मग त्या थांबल्या. तेच त्यांनी काल शाल्मलीच्या बाबतीत केलं होतं, हे दोघींनाही एकदमच कळलं.

“आणि एखादी ऐकणार नाही,” शाल्मली म्हणाली. “डॉक्टरांसमोर हो म्हणेल आणि घरी जाऊन पाजेल. लांबच्या वाडीवर राहणारी असेल. मग?”

ताईंनी खिडकीचा पडदा ओढून घेतला.

गोव्यातल्या एका बालरोगतज्ज्ञांना दाखवून शाल्मलीने जुईवर उपचार सुरू केले. अंगावरचं दूध बंद झालं, रक्तवाढीचे थेंब सुरू झाले, आणि हळूहळू पोरीच्या गालांवर रंग परतला. हेरंबला तिने सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावरची ती वळवळ दाखवली. त्याने पाहिलं आणि तो मागच्या दाराने खाडीकडे निघून गेला. परत आला तेव्हा एवढंच म्हणाला, “जुई बरी होतेय ना? मग आता ताईला तिच्या पद्धतीने निस्तरू दे. तिचं सगळं आयुष्य आहे त्यात.”

शाल्मलीलाही मनातून तेच हवं होतं, हे तिने स्वतःपाशी नाकारलं नाही. आपलं मूल हाती आलं होतं. बाहेरच्या बाकांवरच्या बायकांना भीती घालून काय साधणार होतं? पण आता तिचा स्वतःवरचाही विश्वास उडाला होता. हे शहाणपण आहे की मूल पदरात पडलेल्या बाईची सोय, हे तिला ठरवता येत नव्हतं.

ते फिलोमेनामुळे ठरलं. फिलोमेना फर्नांडिस शेळ्या पाळायची आणि त्यांच्या दुखण्याखुपण्याला शाल्मलीकडे यायची. ती सातव्यात होती. चार वेळा मूल गेल्यानंतरचं हे पाचवं, तेही ताईंच्या सोबतीवर. त्या दिवशी ती एका शेळीची सुजलेली कास दाखवायला आली होती. शाल्मली मलम लावत असताना ती आपल्याच नादात बोलत होती.

“माझा मात्र ठरला हा, बाय. दोन वर्सां पाजतलंय. माझी आवस म्हणता, बाटलीच्या दुधान पोरां फुगतत नुसती. कोण काय सांगूदे, मी पाजतलंय.”

शाल्मलीचा हात शेळीच्या कासेवर थांबला. ही ऐकणार नव्हती. ताईंनी रक्त कमी म्हटलं असतं, ही हसली असती.

“फिलोमेना, बस जरा,” ती म्हणाली. “तुला एक सांगायचंय.”

फिलोमेनाने सगळं ऐकून घेतलं. मधे एकदा तिने पोटावर दोन्ही हात ठेवले, ते शेवटपर्यंत काढले नाहीत.

“आता औषध घेतलंय तर?” तिने विचारलं.

“पोटातलं जाण्याची भीती आहे. फार मोठी.”

“आणि नाय घेतलंय, आणि पाजलंय नाय, तर?”

“तर बहुतेक काही होणार नाही. बाळंत झाल्याबरोबर तुला औषध, आणि बाळाला वरचं दूध.”

“मगे ह्या इतक्याच होता तर आधी कित्याक नाय सांगल्यानी?” तिचा आवाज चिरका झाला. “चार वेळा रिकाम्या हातान घराक इलंय मी. दोन वर्सां काय, जल्मभर नाय पाजूचंय. पण माका सांगूक नको?”

शाल्मलीला त्या क्षणी कळलं, की काय करायचं. आधी बायका, मग समिती.

फिलोमेनाने निरोप धाडले आणि तिच्या अंगणात, नारळाच्या झापांच्या मांडवाखाली सोबतीवरच्या बायका जमल्या. काहींचे नवरे कुंपणाबाहेर उभे राहिले. शाल्मलीने जुईला खांद्यावर घेऊन सगळं सांगितलं. दुधातली अळी, झोपलेल्या अळ्या, औषधाची भीती, बाटलीचा मार्ग. मग कोपऱ्यातून एक आवाज आला.

“तुमचं मूल तुमच्या खांद्यावर आहे. आता आम्हाला घाबरवायला आलात?”

“तुम्हाला पाठवलंय कुणी?” दुसरी म्हणाली. “कुठल्या दुसऱ्या औषधवाल्या कंपनीने?”

“डॉक्टर ताई तुमची नणंद ना? मग घरचं भांडण इथे कशाला?”

तिने प्रत्येकीला उत्तर दिलं. जमेल तेवढं खरं दिलं. शेवटी एक सडपातळ, तरुण बाई उठून पुढे आली. सुलक्षणा तिचं नाव. सहावा चालू होता.

“म्हणजे ते आत्ता या क्षणी माझ्या अंगात आहेत? दंडात, मांडीत, झोपलेले?”

“असू शकतात. पण ते तुला काही करत नाहीत. आणि औषध आपल्या मनाने घेऊ नकोस, एवढं ऐक. ते बाळंतपणानंतर.”

सुलक्षणाने मान हलवली. ती आपला दंड चोळत बसली, घरी जाईपर्यंत चोळतच होती.

दुसऱ्या दिवशी शाल्मलीने समितीला कळवलं आणि तिथे समक्ष जाऊन एकच आग्रह धरला, की कुणालाही सक्तीने औषध देऊ नका. प्रत्येकीला सगळं सांगा आणि तिला ठरवू द्या. समितीने प्रयोग थांबवला, नव्या पट्ट्या बंद केल्या, पण औषधाची सक्ती केली नाही. ताईंची भीती त्या बाबतीत तरी खोटी ठरली. त्यांच्या हातून विभाग मात्र काढून घेतला गेला.

त्याच आठवड्यात सुलक्षणाची बातमी आली. तिने कुणाला न सांगता दुकानातून जंताच्या गोळ्या आणून घेतल्या होत्या. अंगात काहीतरी चालतंय, असं तिला सारखं वाटायचं म्हणे. पोटातलं मूल गेलं. मुलगा होता.

शाल्मली तिला भेटायला गेली, तर सुलक्षणाच्या सासूने दार अर्धंच उघडलं. “तुम्ही नसतं सांगितलं, तर झालं असतं का हे?” ती म्हणाली आणि दार लावून घेतलं. शाल्मली पायरीवर उभी राहिली.

बाकीच्या एकेक करून बाळंत झाल्या. फिलोमेनाला मुलगी झाली. तिने पहिल्या दिवसापासून बाटली दिली, छाती घट्ट बांधून घेतली, आणि रात्रभर दुधाच्या कळांनी विव्हळत राहिली, पण पोरीला जवळ घेऊन. कुठल्याच बाळाला काही झालं नाही. नवे नियम करून प्रयोग पुन्हा सुरू होणार असल्याचंही कानावर आलं.

जुईच्या उष्टावणाला हेरंबने ताईंना बोलावलं. त्याने शाल्मलीला विचारलं नव्हतं, फक्त सांगितलं होतं, आणि तिने मान डोलावली होती. ताई आल्या. केस बरेच पिकले होते. पाहुणे जेवून गेल्यावर त्या मागच्या ओट्यावर शाल्मलीशेजारी येऊन बसल्या.

“सुलक्षणाचं मूल माझ्या पद्धतीने गेलं नसतं,” ताई म्हणाल्या.

“नसतं गेलं. पण फिलोमेनाने पाजलं असतं.”

“तिला मी समजावलं असतं.”

“तिला तुम्ही खोटं सांगितलं असतं, ताई. आणि तिने ते ऐकलं नसतं.”

जुई दोघींच्या मधे पालथी पडून ओट्याची फरशी चाटायचा प्रयत्न करत होती. शाल्मलीने तिला उचलून सरळ केलं.

“एक विचारू?” ताईंचा आवाज खाली आला होता. “दुधातून जाऊ शकतं, हे मला सुरुवातीलाच माहीत असतं, आणि मी तुला ते सांगितलं असतं. तर तू पट्टी लावून घेतली नसतीस?”

“घेतली असती.”

“मग फरक काय पडला असता गं?”

“मग ती मी ठरवून घेतलेली असती.”

ताईंनी जुईसाठी हात पुढे केले. शाल्मलीने क्षणभर थांबून जुईला त्यांच्याकडे दिलं. आतून हेरंबने चहासाठी हाक मारली.

“तू जा, मी आहे हिच्याजवळ,” ताई म्हणाल्या.

“असू दे,” शाल्मली म्हणाली आणि जागची हलली नाही.